लॅटिनमधील तरतमभाव आणि मराठीचे 'पेक्षा'

मराठी व्याकरणाच्या तासाला विशेषणाचे प्रकरण निघाले की फळ्यावर एक ठरावीक तक्ता येतो : उच्च, उच्चतर, उच्चतम, लघु, लघुतर, लघुतम. विद्यार्थी तो उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. परंतु त्यांपैकी कोणीही आपल्या भावाविषयी बोलताना 'तो माझ्याहून उच्चतर आहे' असे म्हणत नाही. 'तो माझ्यापेक्षा उंच आहे' असेच सगळे म्हणतात, आणि या वाक्यात 'उंच' हे विशेषण जसेच्या तसे राहते. त्याला कोणताही प्रत्यय लागत नाही. तुलना झाली ती विशेषणात नव्हे, 'माझ्यापेक्षा' या पदात. मग मराठी विशेषणाला तीन अवस्था आहेत असे आपण कशाच्या आधारावर शिकवितो? या प्रश्नाचे उत्तर मराठीत शोधून सापडणारे नाही. त्यासाठी ज्या भाषेच्या व्याकरणातून हा त्रिपदी साचा आला, त्या लॅटिनकडे वळावे लागते.

साच्याचा प्रवास थोडक्यात असा. ग्रीक वैयाकरण दिओनिसिओस थ्राक्स याने तुलनादर्शक व अतिशयदर्शक शब्दांना साधित नामांच्या प्रकारांत बसविले होते. म्हणजे अपत्यवाचक, लघुत्ववाचक अशा नामांच्याच ओळीत त्यांचे स्थान होते. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील रोमन वैयाकरण दोनातुस याने मात्र आपल्या छोट्या प्रश्नोत्तरी व्याकरणात नामाचे जे सहा धर्म सांगितले, त्यांत लिंग, वचन, विभक्ती यांच्या बरोबरीने 'तुलना' हा एक स्वतंत्र धर्म मानला आणि तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. (त्या काळी विशेषण हा वेगळा शब्दविभाग नव्हता, ते नामाच्याच पोटात होते.) हे पुस्तक मध्ययुगीन युरोपात शतकानुशतके शाळेतील पहिले व्याकरण म्हणून चालले. युरोपातील देशभाषांची व्याकरणे त्याच चौकटीवर उभी राहिली, आणि मिशनरी ज्या ज्या भाषांपर्यंत पोचले त्या त्या भाषांनाही ती चौकट लाभली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे, त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले गेलेले गोव्याच्या भाषेचे व्याकरण लॅटिन पद्धतीचेच आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे १८३६ चे. दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि इंग्रजी व्याकरणासमोर लॅटिनचा. तेव्हा आपल्या फळ्यावरचा तक्ता संस्कृत शब्दांनी भरलेला असला तरी त्याच्या रेघा दुसरीकडच्या आहेत.

लॅटिनमध्ये हा तक्ता का शोभतो हे आता पाहू. (लॅटिनमधील 'अ' मराठीतील 'आ'ला जवळचा असल्याने पुढील लिप्यंतरात सर्वत्र 'आ' लिहिला आहे, सर्व स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व दाखविलेले नाही.) 'आल्तुस' म्हणजे उंच, 'आल्तिओर' म्हणजे अधिक उंच, 'आल्तिस्सिमुस' म्हणजे सर्वांत उंच किंवा फार उंच. मूळ शब्द कसाही चालत असो, तुलनारूप तिसऱ्या गणाप्रमाणे चालते : पुल्लिंगी व स्त्रीलिंगी 'आल्तिओर', नपुंसकलिंगी 'आल्तिउस', षष्ठीत 'आल्तिओरिस'. अतिशयरूप मात्र पुन्हा 'बोनुस'प्रमाणे तिन्ही लिंगांत फिरते. म्हणजे तुलना ही येथे खरोखरच रूपाची बाब आहे. शब्द उच्चारताच, वाक्याचा पुढचा भाग कानी येण्यापूर्वीच, ऐकणाऱ्याला पायरी कळते.

विद्यार्थ्यांना ज्यांची धास्ती वाटते ते अपवाद वास्तविक फारसे अपवाद नाहीत. 'पुल्केर' (सुंदर) याचे अतिशयरूप 'पुल्केर्रिमुस' होते, 'फाकिलिस' (सोपा) याचे 'फाकिल्लिमुस'. दोन्ही ठिकाणी मूळ प्रत्यय '-सिमुस' असाच होता. 'र'पुढे आणि 'ल'पुढे आलेला 'स' आधीच्या व्यंजनात मिसळला आणि ते व्यंजन द्वित्त झाले, इतकेच. 'फाकिलिस'सारखी '-इलिस' या अंताची सहाच विशेषणे असे रूप घेतात : सोपा, कठीण, सदृश, असदृश, सडपातळ आणि नीच या अर्थांची. बाकीची नेहमीच्या वाटेने जातात. 'बोनुस, मेलिओर, ओप्तिमुस' (चांगला), 'मालुस, पेय्योर, पेस्सिमुस' (वाईट), 'माग्नुस, माय्योर, माक्सिमुस' (मोठा), 'पार्वुस, मिनोर, मिनिमुस' (लहान) ही रूपे पाठच करावी लागतात. सर्वाधिक वापरातील शब्दच सर्वाधिक अनियमित असतात हा अनुभव कोणत्याही भाषेत येतो.

एक वर्ग मात्र प्रत्ययच नाकारतो. ज्या विशेषणांत '-उस' या अंत्याच्या आधी स्वर असतो, जसे 'इदोनेउस' (योग्य) किंवा 'दुबिउस' (संशयास्पद), तेथे स्वरांची गर्दी टाळण्यासाठी 'मागिस' (अधिक) आणि 'माक्सिमे' (सर्वाधिक) हे स्वतंत्र शब्द पुढे ठेवतात. या नियमाला राजकीय इतिहासही आहे. मार्क अँटनीने 'पिउस' (कर्तव्यनिष्ठ) या शब्दाचे 'पीस्सिमुस' असे अतिशयरूप वापरले, तेव्हा इसवी सनापूर्वी ४३ मध्ये त्याच्याविरुद्धच्या तेराव्या भाषणात सिसेरोने त्याची रेवडी उडविली. असा शब्द लॅटिनमध्ये मुळी नाहीच, आपल्या अलौकिक निष्ठेपायी या गृहस्थाने तो नव्याने काढला, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या निष्ठेविषयीच शंका, त्याने निष्ठेचे अतिशयरूप चुकीचे करावे, हा त्यातला डंख. पुढे साम्राज्यकाळात तेच रूप राजरोस रूढ झाले. तेव्हा वैयाकरणदृष्ट्या अँटनीचा जय झाला असे म्हणावे लागेल.

संस्कृतज्ञ वाचकाच्या ध्यानात एव्हाना एक गोष्ट आली असेल. 'आल्तिओर'मधील '-इओर' आणि 'लघीयस्', 'गरीयस्' यांतील '-ईयस्' हे एकाच घराण्यातले प्रत्यय आहेत. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधील 'स'चा 'र' झाला. तो विभक्तिरूपांत झाला आणि तेथून प्रथमेतही शिरला. नपुंसकलिंगी 'आल्तिउस'मध्ये जुना 'स' अद्याप शाबूत आहे. 'स्वादु'चे 'स्वादीयस्' आणि 'स्वाविस'चे 'स्वाविओर', 'महत्'चे 'महीयस्' आणि 'माग्नुस'चे 'माय्योर' या जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या की नाते वेगळे सांगावे लागत नाही. '-तम' हा प्रत्ययही लॅटिनने टाकलेला नाही. 'ओप्तिमुस', 'इन्तिमुस', 'उल्तिमुस' यांत तो आहे, आणि 'इन्तिमुस' हे वैदिक 'अन्तम' शब्दाचे भावंड आहे. '-तर' या प्रत्ययाचा लॅटिन अवतार मात्र विशेषणांच्या तुलनेपासून दूर गेला आणि जोडीतील एक दाखविण्याच्या कामी राहिला : 'आल्तेर' म्हणजे दोहोंपैकी दुसरा, 'देक्स्तेर' उजवा, 'सिनिस्तेर' डावा. 'मागिस' (अधिक) याला तो लागून 'मागिस्तेर' झाला, 'मिनुस' (उणे) याला लागून 'मिनिस्तेर'. पहिला वरचा, दुसरा हाताखालचा. इंग्रजीमार्गे आलेला आपला 'मास्तर' आणि पोर्तुगीजमार्गे आलेला 'मेस्त्री' हे दोघेही त्या 'मागिस्तेर'चे वंशज आहेत, आणि 'मिनिस्टर' हा व्युत्पत्तीने त्यांचा हाताखालचा नोकर ठरतो. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या शिक्षकांना हे सांगून उपयोग नाही, ही गोष्ट निराळी.

येथवर झाला तो रूपविचार. मराठीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची बाब वाक्यरचनेची आहे.

'मार्कुस पब्लिउसपेक्षा उंच आहे' हे लॅटिनमध्ये दोन रीतींनी सांगता येते. एक, 'मार्कुस आल्तिओर एस्त क्वाम पूब्लिउस'. येथे 'क्वाम' हे अव्यय असून त्याच्या दोन्ही बाजूंची नामे एकाच विभक्तीत असतात. दुसरी, 'मार्कुस पूब्लिओ आल्तिओर एस्त'. येथे अव्यय नाही. ज्याच्याशी तुलना करावयाची ते नाम अपादानाच्या विभक्तीत ठेवले की काम झाले. पब्लिउस हा मोजमापाचा आरंभबिंदू. 'त्याच्यापासून मोजल्यास' मार्कुस उंच. पाणिनीने दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात नेमकी हीच योजना सांगितली आहे : ज्याच्याहून एखादी वस्तू भिन्न म्हणून वेगळी काढली जाते त्याची पंचमी. परंपरेतील उदाहरण मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून अधिक सुकुमार असल्याचे आहे. मराठीतील 'त्याहून उंच' ही रचना याच मार्गावरची आहे.

याच्याच लगत, आधीच्या सूत्रात, पाणिनी निर्धारणाचा विचार करतो. समूहातून एकाला निवडताना समूहवाचक शब्द षष्ठीत किंवा सप्तमीत येतो. गाईंत काळी गाय सर्वांत दुधाळ, अशा जातीचे ते उदाहरण. लॅटिनमध्येही अतिशयरूपाबरोबर षष्ठी येते : 'आल्तिस्सिमुस पुएरोरुम', म्हणजे मुलांतला सर्वांत उंच. तुलनारूपाला अपादान आणि अतिशयरूपाला षष्ठी हे दोनातुसनेही नोंदविले आहे. दोन परंपरांचा एकमेकींशी परिचय नसताना त्यांनी एकच भेद टिपला. तो भेद असा की तुलनेत दोन्ही पक्ष परस्परांबाहेर असतात, तर निर्धारणात एक पक्ष दुसऱ्याचा अंश असतो. मराठीत हा भेद विशेषण न बदलता केवळ विभक्तीने राखला जातो. 'तो वर्गातल्या मुलांहून उंच आहे' असे म्हटले तर 'तो' त्या मुलांपैकी नसावा, कदाचित शिक्षक असावा, असे वाटते. 'तो वर्गातल्या मुलांत उंच आहे' असे म्हटले की तो त्यांच्यातलाच एक. पहिली पंचमी, दुसरी सप्तमी, आणि 'उंच' दोहोंकडे तेच.

माझ्या मते मराठी व्याकरणातील तरतमभावाचे प्रकरण येथून सुरू व्हावयास हवे. पाणिनीने हा विषय दोन ठिकाणी विभागून ठेवला आहे : तर, तम, ईयस्, इष्ठ हे प्रत्यय पाचव्या अध्यायात तद्धित म्हणून, आणि पंचमी, षष्ठी, सप्तमीची योजना विभक्तिप्रकरणात. मराठीला वारशाने मिळाला तो दुसरा अर्धा. पहिला अर्धा प्राकृतांच्या वाटेत झिजला आणि पुढे 'उच्चतर', 'श्रेष्ठ', 'कनिष्ठ' अशा तयार तत्सम शब्दांच्या रूपाने उसना आला. तो उसना आहे याचा पुरावा आपल्याच बोलण्यात आहे. 'श्रेष्ठ' हे मुळात अतिशयरूप असूनही आपण 'अधिक श्रेष्ठ', 'सर्वश्रेष्ठ', इतकेच काय 'श्रेष्ठतम' असेही निःशंक म्हणतो. प्रत्ययाची जाणीव जिवंत असती तर असे झाले नसते. एवढ्यावरून कोणी मराठीला दोष देऊ नये. प्लाउतुसच्या नाटकांतील पात्रेही तुलनारूपाला वर 'मागिस' जोडतात, आणि त्या काळी लॅटिनचा प्रत्यय चांगला जिवंत होता.

लॅटिनच्या त्याच विभक्तीचे आणखी एक कार्य पाहण्याजोगे आहे. एक वस्तू दुसरीपेक्षा किती मोठी, हे अंतरही तिनेच दाखवितात. 'मार्कुस पूब्लिओ दुओबुस दिगितिस आल्तिओर एस्त' या वाक्यात 'पूब्लिओ' आणि 'दुओबुस दिगितिस' ही दोन्ही पदे एकाच विभक्तीत आहेत. नवख्या वाचकाची येथे त्रेधा उडते. मराठी वाचकाची उडू नये, कारण मराठीत ती दोन कामे दोन वेगळ्या विभक्ती करतात : 'मार्कुस पब्लिउसहून दोन बोटांनी उंच आहे'. 'हून' पंचमीचे, 'नी' तृतीयेचे. लॅटिनच्या या विभक्तीत जुनी पंचमी आणि जुनी तृतीया या दोन्ही विलीन झाल्या आहेत हे भाषाशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्यापेक्षा या एका मराठी वाक्यावरून अधिक स्पष्ट होते. 'कितीतरी पटींनी मोठा' ही तीच तृतीया. अंतर विशेषणातच मुरविण्याची सोयही मराठीत आहे. 'सवाई माधवराव' या नावातील 'सवाई' म्हणजे सव्वापट.

'पेक्षा'ची गोष्ट वेगळी. ते मुळात संस्कृत 'अपेक्षा', म्हणजे एखाद्याकडे दृष्टी ठेवून. विभक्तीचे काम करणारे ते शब्दयोगी अव्यय असल्याने त्याच्या आधीचे नाम सामान्यरूपात जाते, आणि त्याबरोबर त्या नामाची मूळ विभक्ती पुसली जाते. त्यातून मराठीत एक संदिग्धता उद्भवते. 'मी तुला भावापेक्षा चांगला ओळखतो' या वाक्याचा अर्थ काय? भाऊ तुला ओळखतो त्याहून मी तुला चांगला ओळखतो, की मी भावाला ओळखतो त्याहून तुला चांगला ओळखतो? वाक्य दोन्ही अर्थ देते. लॅटिनमध्ये 'क्वाम'नंतरचे नाम आपली विभक्ती सोडत नाही, म्हणून 'मेलिउस ते नोवी क्वाम फ्रातेर' म्हटले की भाऊ कर्ता, आणि 'क्वाम फ्रात्रेम' म्हटले की भाऊ कर्म. शंकेला जागाच नाही. उलट अपादानाची अव्ययहीन रचना लॅटिनलाही असा खुलासा देऊ शकत नाही, आणि म्हणूनच अभिजात गद्यात तिला मर्यादा आहे : तुलनेचे पहिले पद प्रथमेत वा द्वितीयेत असेल तेथेच ती शिष्ट मानतात. इतर विभक्तींत 'क्वाम'ची वाट धरावी लागते. मराठीत अर्थ निःसंदिग्ध करावयाचा तर वाक्य उलगडावे लागते : 'भाऊ तुला ओळखतो त्यापेक्षा मी तुला चांगला ओळखतो.' लॅटिनमधून वा इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांनी ही लांबी पत्करावी. कायद्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ती न पत्करल्याने अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर लॅटिन पायऱ्यांविषयी आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. तिथले तुलनारूप नेहमीच तुलना करते असे नाही, आणि अतिशयरूप तर बहुधा करीतच नाही. दुसरे पद नसताना 'सेनेक्स लोक्वाकिओर' म्हटले तर अर्थ होतो 'म्हातारा जरा जास्तच बडबड्या'. एकाच वस्तूचे दोन गुण परस्परांशी ताडावयाचे असतील तर दोन्ही विशेषणे तुलनारूपात येतात. 'लोंगिओर क्वाम लातिओर' म्हणजे 'अधिक रुंद असण्यापेक्षा अधिक लांब' नव्हे, तर 'रुंद म्हणण्यापेक्षा लांबच'. अतिशयरूपाआधी 'क्वाम' आले की अर्थ 'शक्य तितका' असा होतो. आणि एकटे 'आल्तिस्सिमुस' हे संदर्भाने समूह सुचविला नसेल तर 'अत्युच्च' एवढेच सांगते. पाणिनीचा 'अतिशायन' हा शब्द या अर्थाला 'सर्वांत'पेक्षा जवळचा आहे. रोमन थडग्यांवर पतीने पत्नीसाठी 'कारिस्सिमा' हे विशेषण हमखास कोरलेले आढळते. शालेय तक्त्याप्रमाणे त्याचे 'सर्वांत प्रिय पत्नीस' असे भाषांतर केले, तर त्या बिचाऱ्याला आणखी दोन-चार बायका होत्या असा वाचकाचा समज व्हावयाचा. तेथे 'अत्यंत प्रिय' हेच बरोबर. मराठीत अशा ठिकाणी 'तारतम्य' लागते असे आपण म्हणतो. 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून घडलेला हा शब्द आपल्याकडे विवेकाचा पर्याय होऊन बसला आहे.

लॅटिनच्या लेकींनी हा प्रत्ययांचा पसारा बव्हंशी मोडीत काढला. इटालियन आणि फ्रेंच यांनी 'प्लूस' घेतले, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि रुमानियन यांनी 'मागिस'. विशेषण जसेच्या तसे, पुढे 'अधिक'. ज्या भाषेने तीन पायऱ्यांचा तक्ता जगाला दिला तिच्याच घरात तो टिकला नाही. उरले ते 'मेलिओर', 'माय्योर' असे चार-दोन हट्टी शब्द. पोर्तुगीजमधील 'मेल्योर' आणि 'मायोर' ते हेच.

त्या हट्टी शब्दांपैकी काहींनी मात्र लांबचा प्रवास करून मराठी गाठली. लॅटिनमध्ये दोघांपैकी एक निवडताना अतिशयरूप चालत नाही, तुलनारूपच लागते. म्हणून थोरला काटो 'माय्योर' आणि धाकटा 'मिनोर'. आपण थोरले बाजीराव म्हणतो ते याच रीतीने, आणि एका नावाच्या दोन गावांना बुद्रुक व खुर्द म्हणतो तेही. फारसीत त्या शब्दांचा अर्थ केवळ मोठा आणि लहान असा आहे, पण जोडीत बसल्यावर त्यांना आपोआप तुलनेचा अर्थ येतो. इसवी सनापूर्वी १९७ मध्ये रोमनांनी स्पेनचे दोन प्रांत केले आणि त्यांना 'कितेरिओर' व 'उल्तेरिओर' अशी तुलनारूपे जोडली. मराठीत ती 'अलीकडचा' आणि 'पलीकडचा' अशीच होतील. 'सुपेरिओर', 'इन्फेरिओर', 'इन्तेरिओर' हेही असेच स्थानवाचक शब्द : वरचा, खालचा, आतला. 'सेनेक्स' (वृद्ध) आणि 'यूवेनिस' (तरुण) यांची तुलनारूपे 'सेनिओर' व 'यूनिओर'. या दोघांना अतिशयरूप नाही. सर्वांत वडील म्हणावयाचे तर 'जन्माने सर्वांत मोठा' असा वळसा घ्यावा लागतो. हेच ते आपले सीनियर आणि ज्युनिअर कॉलेज. प्राध्यापकांच्या खोलीत 'ते मला दोन वर्षांनी सीनियर आहेत' असे वाक्य रोज ऐकू येते. त्यातील 'सीनियर' हे लॅटिन तुलनारूप आहे. 'मला' ही चतुर्थी इंग्रजीच्या सावलीतून आली, कारण लॅटिनमध्ये तेथे अपादान आणि अस्सल मराठीत 'माझ्याहून' असावयास हवे होते. परंतु 'दोन वर्षांनी' ही तृतीया मराठीने कोणाकडून घेतलेली नाही.